एका नकोचा कल

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि कुंदाबाईंचे सगळे शब्द गेले. एक तेवढा राहिला. नको.

पाणी हवं असलं की नको. उशी सरकवायची असली की नको. नर्सनं सुई टोचली की नको, आणि मुलगी पुण्याहून धावत येऊन गळ्यात पडली तेव्हा, डोळ्यांना धार लागलेली असतानाही, नकोच. मिरजेच्या ज्या इस्पितळात त्यांना ठेवलं होतं तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की असं होतं. वाणीचं केंद्र निकामी झालं तरी एखादा शब्द ढिगाऱ्याखालून जिवंत निघतो आणि माणूस त्या एकावरच सगळा व्यवहार भागवतो. कुणाचा 'देवा' राहतो, कुणाची शिवी राहते. मागच्या वर्षी एका बँक मॅनेजरचं फक्त 'मार्च एंड' राहिलं होतं.

"आईचं नको राहिलं यात नवल काय," ऋजुता म्हणाली होती. "जन्मभर दुसरं काय म्हणाली ती?"

तिच्या वडलांना, भिलवडीकर सरांना, हसू आलं होतं, आणि लगेच आपण हसलो याची लाज वाटली होती. त्यांचं सगळंच असं असे. एक पाऊल टाकायचं आणि ते चुकलं तर नाही ना, हे बघायला वळायचं. विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, तरी वर्गात शिरताना छातीत होणारी धडधड शेवटच्या तासापर्यंत गेली नव्हती. आणि या माणसाच्या अभ्यासाचा विषय काय, तर दक्षिण महाराष्ट्रातले नकार. माणसं 'बघू' कधी म्हणतात, 'कळवतो' कधी, 'कशाला उगाच' कधी. आणि नको म्हणतात तेव्हा त्यांना खरोखर नको असतं का. सहकारी चेष्टा करत. भिलवडीकर, चहा घेणार का? नाही, थांबा, उत्तर देऊ नका, आम्हीच ओळखतो.

आता त्यांच्या घरात एकच नको उरला होता आणि तो त्यांना ओळखता येत नव्हता.

पहिला झटका ओसरल्यावर केलेल्या तपासणीत दुसरंच निघालं होतं. मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता. डॉ. जमादारांनी पडद्यावर तो दाखवला. वेलीला लागलेलं कोवळं फळ असावं तसा दिसत होता.

"हा फुटला तर काही करता येणार नाही," जमादार म्हणाले. तरुण होते, पण उतावळे नव्हते. "कधी फुटेल सांगता येत नाही. महिन्यात फुटेल, दहा वर्षांत फुटणारही नाही. ऑपरेशन करून चिमटा लावला तर धोका टळतो. पण जागा वाईट आहे. टेबलावरच जाऊ शकतात. आणि वाचल्या तरी..." ते थांबले. "सर, तुमचाच विषय आहे. बोलण्यातले चढउतार, सूर, हे बरंचसं उजव्या मेंदूत असतं. शब्द गेले तरी मावशींचा सूर राहिलाय तो त्यामुळं. तिथं धक्का बसला तर शब्द एकच राहील आणि तोही सपाट."

"म्हणजे सगळे नको सारखेच," भिलवडीकर म्हणाले.

"हो. पण जिवंत असतील."

निर्णय कुंदाबाईंचा होता. नियमच तसा होता. मधल्या काही वर्षांत वाचा गेलेल्या माणसांच्या नावानं नातेवाइकांनी वाटेल तिथं संमती दिल्याची प्रकरणं गाजली होती. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाचं घर विकलं गेलं, आणि ती माणसं नुसती बघत राहिली. तेव्हा कायदा आला की रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याचं मत त्याच्याकडूनच घ्यायचं, आणि ते शब्दांत देता येत नसेल तर 'कल' वापरायचं.

कल हे यंत्राचं नाव. भिलवडीकरांनीच ठेवलेलं.

*

यंत्र दिसायला काहीच नव्हतं. गळ्याला चिकटवायची एक चकती, तिला नर्सा टिकली म्हणत, आणि हाताच्या पंजाएवढा पडदा. शब्द तोंडातून बाहेर पडण्याच्या किंचित आधी घशातले बारीक स्नायू तो शब्द उच्चारायला सरसावतात. जे बोलतोय ते मनातही असेल तर एका तऱ्हेनं, नसेल तर दुसऱ्या तऱ्हेनं. फरक इतका सूक्ष्म की माणसाला जाणवत नाही. टिकली तो टिपायची, त्यात आवाजाचा सूर आणि नाडी मिळवायची आणि पडद्यावर एक शब्द उमटवायची. होकार किंवा नकार.

हे घडवायला विद्यापीठातल्या तीन विभागांची माणसं एकत्र आली होती. शरीरशास्त्राच्या लोकांनी घसा समजावून दिला. भाषा भिलवडीकरांची. आणि सगळ्यांची मोट बांधली ती व्यवस्थापन विभागातल्या डॉ. नंदिनी मुळगुंद यांनी. त्यांचा विषय ग्राहकांचं वागणं. साडीच्या दुकानात बाई नको नको म्हणत उठते, दारापर्यंत जाते आणि परत येऊन तीच साडी घेते. तर ती उठली तेव्हाच तिच्या मनात काय होतं ते दुकानदाराला कळलं पाहिजे, एवढीच त्यांची सुरुवातीची इच्छा होती. म्हणून सांगली-इचलकरंजीच्या दुकानांतून हजारो नको ध्वनिमुद्रित झाले. भिलवडीकर भीत भीत म्हणाले की आपल्याकडे निम्मे नको पानावर बसल्यावर म्हटले जातात. मुळगुंद मॅडमना ते पटलं. मग लग्नांच्या पंगती झाल्या, डोहाळजेवणं झाली, आणि भिलवडीकरांच्या स्वतःच्या घरी वरचेवर पाहुणे जेवायला येऊ लागले. वाढायला कुंदाबाई. आग्रह करावा तर त्यांनी. "घ्या हो, एवढीशी. मी केलीय, विकतची नाही. बरं, अर्धी?" त्या सगळ्या मुद्रणांत पाहुण्यांच्या नकोआधी आणि नकोनंतर त्यांचा आवाज होता.

प्रत्येक नकोवर खरा की खोटा अशी खूण करायची होती. मुळगुंद मॅडमचं सूत्र साधं होतं. माणसानं पुढं काय केलं ते बघायचं. जिलबी घेतली, म्हणजे हवी होती. तो नको होकाराच्या रकान्यात.

बैठकीत भिलवडीकरांनी हळूच हात वर केला होता. "सगळ्यांना हवी असते म्हणून घेत नाहीत. काही जण वाढणारीचा चेहरा उतरू नये म्हणून घेतात. भिडेखातर. त्याचा तिसरा रकाना हवा."

"खरं आहे, सर," मुळगुंद मॅडम म्हणाल्या. "पण भीड मोजायची कशी?"

भिलवडीकर म्हणाले, "बघू. विचार करतो."

त्यांनी खरंच विचार केला. कित्येक आठवडे केला. पण तेवढ्यात रकाने दोनच ठेवून काम पुढं गेलं होतं, शोधनिबंध छापून आला होता आणि नकाराच्या अभ्यासात उभं आयुष्य घालवलेल्या या माणसाच्या ध्यानात उशिरा आलं, की त्याच्या 'बघू'चा अर्थ मॅडमनी मराठी माणूस घेतो तोच घेतला होता. सर विषय सोडून देताहेत. मग पुन्हा तो उकरून काढायचा तर त्यांना संकोच वाटला.

पुढं यंत्र दुकानांतून बँकांत गेलं, बँकांतून कोर्टात, आणि कोर्टातून इस्पितळात.

*

जमादारांनी खाटेजवळ खुर्ची ओढली आणि कुंदाबाईंना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. कुंदाबाईंना समजत होतं. समजण्याचं केंद्र बरंचसं शाबूत होतं. उजवा हात लुळा पडला होता, डावा चादरीवर होता. गळ्याला टिकली.

"तर मावशी, करू या ऑपरेशन?"

कुंदाबाई हसल्या. "नको," म्हणाल्या.

पडद्यावर उमटलं, होकार.

नियमाप्रमाणे तीनदा विचारायचं होतं. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्या हसून नको म्हणाल्या आणि तिन्ही वेळा होकार आला. ऋजुतानं डोळे पुसले आणि आईचा हात हातात घेतला. जमादार म्हणाले, उद्या सकाळी घेऊ.

भिलवडीकर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. ते पडद्याकडं बघत नव्हते. त्यांना ते हसू दिसलं होतं. संसाराच्या सगळ्या वर्षांत त्यांनी ते रोज पाहिलं होतं, पण स्वतःकडं बघून क्वचितच. ते बाहेरच्या खोलीतलं हसू होतं. दारात अवेळी पाहुणा उभा राहिला, घरात दूध नसलं, कंबर मोडून आली असली, की कुंदाबाई ते हसू हसायच्या आणि म्हणायच्या, या ना.

व्हरांड्यात त्यांनी ऋजुताला गाठलं.

"तिला नकोय ते. ती डॉक्टरांच्या भिडेला पडली. एवढा मोठा डॉक्टर खुर्ची ओढून बसतो, अजिजीनं विचारतो... ती त्याला नाही कशी म्हणेल?"

"बाबा, यंत्र तुम्हीच केलंय ना?"

"मी एकट्यानं नाही."

"शोधनिबंधावर चौथं नाव का होईना, आहे ना? मग इतर पेशंटना चालतं आणि आईला कसं चालत नाही?"

"त्यात भीड कळत नाही, ऋजू."

"आणि तुम्हाला कळते?" ती फटकन म्हणाली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर नेलंत तिला. आइस्क्रीम खाणार का विचारलंत. ती नको म्हणाली. तर तुम्ही एक घेतलंत आणि तिच्यासमोर बसून खाल्लंत. अख्ख्या खानदानाला ती हे हसून सांगते. तुम्हाला नकोतलं काय कळतं, बाबा? यंत्राला तरी कळतंय."

भिलवडीकरांना ते आठवत होतं. आइस्क्रीम पिस्त्याचं होतं. आणि तिला ते हवं होतं हे त्यांना ऋजुताच्या बारशाला समजलं होतं.

*

दुपारी त्यांनी नर्सला विनंती केली. खोलीत दुसरं कुणी नको, मी एकटाच विचारतो. नर्सनं टिकली लावली, पडदा भिंतीकडं वळवला आणि बाहेर गेली.

"कुंदा," ते म्हणाले. "इथं कुणी नाही. माझी भीड बाळगू नकोस. तुला ऑपरेशन करून घ्यायचंय?"

कुंदाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं, तिथं त्यांची नजर गेली. मग पुन्हा चेहऱ्याकडं. "नको," त्या मऊ आवाजात म्हणाल्या.

त्यांनी पडदा वळवून पाहिला. होकार.

ते खुर्चीत बसून राहिले. दोनच अर्थ निघत होते. एक, तिला खरोखर जगायचंय आणि मी तिला मारायला निघालोय. दुसरा, तिला माझीही भीड आहे. हा माणूस एकटा कसा राहील, याला बटण कोण लावेल, म्हणून ती माझ्याखातर टेबलावर जायला तयार झालीय, जशी माझ्याखातर पाहुण्यांच्या पंगती उठवत होती. दोन्हींपैकी कुठला अर्थ जास्त भयंकर, हे त्यांना ठरवता येईना.

त्यांनी मुळगुंद मॅडमना फोन लावला. कित्येक वर्षांत बोलणं नव्हतं. त्यांनी अडखळत सगळं सांगितलं.

"सर, तुम्ही तेव्हा बघू म्हणालात."

"मी खरंच बघणार होतो हो."

"मला वाटलं, संपवलात तुम्ही विषय." मॅडमचा आवाज थकलेला होता. "तुमचं म्हणणं चूक नव्हतं. यंत्राला इच्छा आणि भीड एकच दिसते. घसा दोन्हीला सारखाच सैल होतो. माणूस मनातून तयार झालेला असतो ना, कारण काही का असेना."

"मग मी काय करू?"

"यंत्रात आता काही करता येणार नाही. पण भीड माणसागणिक बदलते. ज्याची त्यांना अजिबात भीड नाही अशा कुणाला तरी विचारू द्या. आहे का असं कुणी?"

होतं. भिलवडीकरांनी डोळे मिटले. शालनला बोलवायचं, म्हणजे ऑपरेशनपेक्षा मोठं संकट होतं.

*

शालन, कुंदाबाईंची धाकटी बहीण, निपाणीहून संध्याकाळच्या एसटीनं आली. आली ती बोलतच.

"मला कळवायला काय झालतं ओ, दाजी? मेल्यावर सांगणार होता काय?"

"बोलत नव्हता ना तुम्ही दोघी..."

"बोलत नव्हतो म्हणजे भांडण चालू होतं. भांडण चालू असताना माणूस आजारी पडलं तर सांगायचं नसतं व्हय?"

ती तडक आत गेली. कुंदाबाईंनी तिला पाहिलं आणि जिवंत डाव्या हातानं तोंडावर चादर ओढली. शालननं ती खाली खेचली. "लपतीस काय. केस बघ काय झाल्यात, सुगरणीचं घरटं." आणि पिशवीतून फणी काढून ती उशाशी बसली. कुंदाबाईंनी नको नको करत तिचा हात झटकला. शालननं तो बाजूला सारला आणि विंचरायला घेतलं. भिलवडीकर बघत राहिले. या नकोंत सूर होता, धार होती, माहेर होतं. सहा वर्षांची भांडणं एका शब्दात चालली होती आणि दोघींनाही काही अडत नव्हतं.

जमादार आले. भिलवडीकरांनी त्यांना कल्पना दिली होती. पुन्हा टिकली लागली. शालनला सांगितलं, सरळ विचारायचं, दबाव आणायचा नाही.

शालननं बहिणीची हनुवटी धरली. "अक्का, हे लोक उद्या डोकं उघडणार म्हणत्यात. उघडून घेतीस काय?"

"असं नाही विचारायचं," जमादार घाईनं म्हणाले.

पण कुंदाबाईंचा चेहरा बदलला होता. हसू नव्हतं. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. "नको," त्या म्हणाल्या, आणि बहिणीच्या हातावर फटका मारला. "नको. नको."

पडद्यावर नकार. पुन्हा नकार. पुन्हा नकार.

शालनची फणी हातातच राहिली. आपल्या विचारण्यावर काय ठरणार होतं ते तिला आता कळलं. "अगं," ती पुटपुटली, "माझं आपलं बोलायचं म्हणून बोलले."

*

सकाळी जमादारांच्या खोलीत तिघं बसले. भिलवडीकर, ऋजुता, आणि टेबलापलीकडं डॉक्टर.

"शालनमावशीला कधी हो म्हणालीय का आई?" ऋजुताचे डोळे सुजले होते. "मावशीनं सूर्य पूर्वेला म्हटलं तरी आई नको म्हणेल. तुम्ही मुद्दाम तिला आणलंत, बाबा. डॉक्टरांपुढं भिडेनं हो येतं म्हणता, मग मावशीपुढं खुन्नशीनं नाही येत नसेल?"

भिलवडीकरांना हे सुचलं नव्हतं असं नाही. रात्रभर तेवढंच सुचलं होतं.

"दोन्ही नोंदी जुळत नाहीत," जमादार म्हणाले. "अशा वेळी निर्णय पतीकडं येतो. म्हणजे तुमच्याकडं, सर. फक्त एक आहे. नातेवाईक कुणाच्या दडपणाखाली नाही ना, हे तपासायचं असतं. त्यामुळं तुम्हालाही टिकली लावावी लागेल."

टिकली गार होती. भिलवडीकरांनी इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या गळ्याला पाहिली होती. त्यांनी आवंढा गिळला तेव्हा ती गळ्यावरून वरखाली झाली.

"तुमच्या पत्नीचं ऑपरेशन करायचं?"

"नको," भिलवडीकर म्हणाले.

त्यांना पडदा दिसत नव्हता. ऋजुताला दिसत होता. तिनं तोंडावर हात ठेवला.

"पुन्हा विचारतो, सर. करायचं?"

"नको."

"करायचं?"

"नको. म्हटलं ना, नको."

जमादारांनी पडदा त्यांच्याकडं वळवला. तीन ओळी होत्या. होकार, होकार, होकार.

खोलीतला पंखा फिरत होता. भिलवडीकर त्या तीन ओळींकडं बघत राहिले. हे यंत्र घडवताना इतक्या चाचण्या झाल्या, पण इतकं अचूक ते कधी चाललं असेल असं त्यांना वाटलं नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मला ती हवीय. कशीही हवीय. सपाट तर सपाट. उद्या मला ओळखलं नाही तरी चालेल, नुसती घरात असू दे. हे यंत्राला कळलं, त्यात चूक काही नाही. पण डॉक्टर, तुम्ही मला काय हवंय ते विचारलं नव्हतं. तिला काय नकोय ते मी सांगत होतो."

"मला फक्त पडद्यावरचं धरता येतं, सर. शब्द आणि कल जुळले नाहीत तर कल ग्राह्य." जमादारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यंत्र घडवणाऱ्यांपैकी कुणी आक्षेप नोंदवला, तर तेवढ्या रुग्णापुरतं ते बाजूला ठेवता येतं. असं आजवर कुणी केलेलं नाही. आणि तुम्ही केलंत तर मग दुसरं कुठलंच मत उरत नाही. तुमचं एकट्याचं. मागाहून मला, मुलीला, यंत्राला, कुणालाच बोल लावता येणार नाही."

भिलवडीकरांनी गळ्याची टिकली काढली. चिकटली होती, कातडी ओढली गेली. आयुष्यभर त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असं मला वाटतं' असे. या वेळी ते आलं नाही.

"आक्षेप नोंदवतो," ते म्हणाले. "या यंत्रात एक रकाना नाही. तो मी मागितला होता आणि मागून गप्प बसलो. ऑपरेशन नको."

ऋजुता उठली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं झालं असतं. "तुम्ही कधी कुणाला आग्रह केला नाहीत, बाबा," ती म्हणाली. "जेवायला नाही, राहायला नाही. मला वाटायचं, स्वभाव आहे. पण तिला जगायचाही आग्रह करणार नाही?"

ती निघून गेली. दार तिनं हलकेच लावलं.

*

कुंदाबाईंच्या खोलीत शालन त्यांची वेणी घालत होती. केसांना तेल लावलेलं होतं आणि खोलीत खोबरेलाचा वास भरला होता. भिलवडीकर आत आले, पलंगाच्या कडेला टेकले. एरवी ते खुर्चीत बसत.

"कुंदा, ऑपरेशन नाही करायचं. मी नको म्हणून सांगितलंय. आपण घरी जाऊ."

कुंदाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. बाहेरच्या खोलीतलं हसू नव्हतं. बहिणीपुढचा ताठाही नव्हता.

"नको," त्या म्हणाल्या.

भिलवडीकरांनी हजारो नको ऐकले होते. पंगतीतले, दुकानातले, रुसव्यातले, उंबऱ्यावरचे. प्रत्येकाची जात त्यांनी स्वतःच्या हातानं लावली होती. हा त्यांनी ऐकलेला नव्हता. त्यांनी शालनकडं पाहिलं. शालनची बोटं वेणीत थांबली होती.

"मला नाही कळलं, दाजी," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

दारात जमादार उभे होते. "ऑपरेशन थिएटर दुपारपर्यंत आपल्या नावावर आहे, सर," ते हळू आवाजात म्हणाले. "मी अजून कुणाला कळवलेलं नाही." आणि ते तिथंच थांबले.

भिलवडीकरांनी कुंदाबाईंचा डावा हात हातात घेतला. यंत्र आणा, असं ते म्हणाले नाहीत. तसं म्हणण्याची सोय त्यांनी स्वतःच घालवली होती. आणि आणलं असतं तरी तो पडदा त्यांना वाचता आला नसता, इतके त्यांचे डोळे भरले होते.

"घरी जायचं?" त्यांनी विचारलं.

"नको."

"ऑपरेशन करायचं?"

"नको."

दुसरा किंचित लांबला होता असं त्यांना वाटलं. मग वाटलं, नाही, तो लांबलेला आपल्याला हवा होता. त्यांनी दोन बोटं अलगद तिच्या गळ्यावर ठेवली, टिकली काढल्याचं लाल वर्तुळ होतं तिथं. आत काहीतरी हललं. नाडी असेल. शब्द असेल.

"मी पुन्हा विचारतो, कुंदा," ते म्हणाले. "कितीही वेळा विचारतो. तू थकू नकोस. घरी जायचं?"

कुंदाबाईंनी श्वास घेतला. भिलवडीकर खाली वाकले, कान तिच्या ओठांजवळ नेला.

"नको."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.